सहा ते साडेसात मीटर

मंगळवारी सकाळी कौसल्या धुणं घेऊन पायऱ्या उतरली आणि पाच मिनिटांत तशीच परत वर आली. चार दिवस झाले, पाऊस खळला नव्हता. डोक्यावरून घेतलेला पदर निथळत होता. तिने बादली दारात आदळली.

"अहो, हे बघा. चादर खळबळायला घातली न् लाल झाली. वर कुणी गेरू ओतलाय का काय?"

रघुवीर खाटेवर बसून डाव्या गुडघ्याला तेल चोळत होता. एप्रिलात बोरिंगचा लोखंडी पाइप घरंगळून गुडघ्यावर आला, तेव्हापासून तो घरीच होता. त्याने वाकून चादरीचं टोक हातात घेतलं. बोटाला लागलेला रंग अंगठ्याने चोळला. रंग गेरूचाच, पण गेरूची खरखर नव्हती. मऊ, बुळबुळीत लागत होता.

"कुठनं येतंय पाणी?"

"कातळातनं. दरवर्षी येतं तिथनंच. नेहमी कसं आरशासारखं असतं."

रघुवीरने हात लुंगीला पुसला. बोटांच्या रेघांत लाल तसंच राहिलं.

अँटॉप हिलच्या उतारावर काळ्या कातळाचा एक सपाट पट्टा होता आणि त्याच्यावर अकरा घरांची त्यांची आळी. बहुतेक सगळे देवगड-मालवणकडचे, बापजादे गिरण्यांत होते. रघुवीरच्या वडिलांनी गिरणीतून सुटल्यावर कातळ फोडून इथे पाया घातला, तेव्हा तीन पहारी वाकल्या होत्या असं ते सांगत. शहरात कुठे दरड कोसळली की आळीतली माणसं टीव्हीसमोर हळहळत आणि मग म्हणत, आपलं बरं आहे, आपण कातळावर आहोत. एप्रिलपासून कातळाच्या पुढच्या अंगाला, अगदी खाली, टॉवरसाठी खड्डा खणायला घेतला होता. डोंगराचा पायथा उभा कापून काढला होता. तीन मजले मावतील एवढा खोल खड्डा झाला, तरी आळीत कुणी घाबरलं नव्हतं. कातळ तो कातळ.

पण त्या कातळाखाली काय आहे, हे आळीत एकट्या रघुवीरला माहीत होतं.

तो उठला. दाराची कडी लावून बघितली. कडी कोयंड्यात बसेना, बोटभर खाली राहिली. कौसल्या म्हणाली, "पावसानं दार फुगलंय." दार लोखंडी पत्र्याचं होतं. मग त्याने खाट सरकवली. मोरीपासून उंबऱ्यापर्यंत लादीला बारीक चीर गेली होती. त्याने आगपेटीतली काडी काढून चिरेत उभी धरली. काडी आत गेली आणि दिसेनाशी झाली.

"काय करताय काय?"

"साइटवर जाऊन येतो," तो म्हणाला.

*

मार्चमध्ये त्या जागेवर बोअर मारायचं काम रघुवीरच्याच टोळीकडे होतं. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. लालबागच्या, परळच्या गिरण्या पडल्या आणि तिथे टॉवर उठले, त्यांतल्या कितीकांच्या पोटातला दगड त्याने आधी बाहेर काढून बघितला होता. पोकळ पाइप जमिनीत फिरवत न्यायचा, आत अडकलेला दगडाचा दांडा काढायचा, तो लाकडी पेटीत खणाखणात ओळीने मांडायचा, प्रत्येक तुकड्यावर रंगाने खोली लिहायची. पुढे पेटी बघून साहेब लोक ठरवणार, जमीन किती भार घेईल.

चार नंबरच्या बोअरला सहा मीटरपर्यंत छान काळा दगड आला. मग यंत्राचा आवाज बदलला. पाइप लोण्यात घुसावा तसा खाली गेला. वर येणारं पाणी लाल झालं. दीड मीटर खोदून पाइप वर काढला तर आत काहीच नाही, नुसता ओंजळभर लाल चिखल. साडेसातच्या खाली पुन्हा काळा दगड लागला.

सुपरवायझर प्रफुल्ल पेटीजवळ येऊन उभा राहिला. "खण मोकळा दिसला तर पुन्हा दोन बोअर मारायला लावतील. आठ दिवस गेले. दोन नंबरच्या बोअरचा जास्तीचा काळा दगड पडलाय ना? तो घाल."

त्या दिवशी संध्याकाळी रघुवीरची देवगडची गाडी होती. शिमगा होता, आणि सहा वर्षांनी पालखी त्यांच्या घरी बसायची होती. कौसल्या पिशव्या भरून तयार होती. रघुवीरने पाच तुकडे उचलले, जुने आकडे घासून काढले, खणात मांडले आणि पांढऱ्या रंगाने त्यांच्यावर लिहिलं, सहा ते साडेसात. कुणी त्याचा हात धरला नव्हता. पालखीपुढे नाचताना त्याला त्याची आठवणही झाली नाही.

*

साइटच्या फाटकावर वॉचमनने त्याला थांबवलं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." रघुवीर पावसात उभा राहिला. याच फाटकातून तो मार्चमध्ये रोज आत गेला होता. अर्धा तास झाला. तेवढ्यात आतून पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस आला आणि त्याने त्याला दंडाला धरून ताडपत्रीखाली ओढलं.

"काका, भिजताय कशाला? इथं उभे राहा."

तो विनीत. घोडपदेवचा, तिशीच्या आतला. खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर असे. त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. "कालपासून पाणी असलं लाल येतंय, काका. पंपाची जाळी दर तासाला तुंबतेय. हात बघा माझे." त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"वर सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, जाळी साफ करत राहा."

प्रफुल्लने शेवटी पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. रघुवीरच्या अंगावरून पाणी गळत होतं आणि प्रफुल्ल त्या ओल्या डागाकडे बघत होता.

"साहेब, लाल थर उघडा पडलाय. पाणी त्याच्यातनं चाललंय. वरचा कातळ सुटणार. माझ्या घरात चीर पडलीये."

"कुठला लाल थर?" प्रफुल्लने कपाटातून फाइल काढली आणि पान उघडून समोर सरकवलं. "वाच. सहा ते साडेसात मीटर, कठीण काळा बेसाल्ट. पेटी कुणी भरली?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मी? लिहून दिलं होतं?" प्रफुल्लचा आवाज चढला नाही. "रघुवीर, पाय बरा होऊ दे. तुझी जागा मी ठेवलीये. उगाच बोंब मारत फिरलास तर पहिला तूच आत जाशील. पावसात चिखल यायचाच. घरी जा."

संध्याकाळी त्याने पुन्हा चीर बघितली. तीन काड्या शेजारी शेजारी मावत होत्या.

*

बुधवारी सकाळी तो लंगडत वडाळ्याला गेला. चर्चच्या मागच्या गल्लीत रूपर्टसाहेब राहायचे. दगडाच्या पेट्या तपासून अहवाल लिहिण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. मार्चअखेर ते निवृत्त झाले. चार नंबरच्या अहवालावर सही त्यांचीच होती.

रघुवीरला दगड ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं. तो नवा असताना लालबागच्या एका साइटवर त्यांनी त्याच्या हातात तपकिरी रंगाचा एक धोंडा दिला आणि विचारलं, हा कुठला? रघुवीर म्हणाला, आमच्या कोकणातला जांभा. रूपर्टसाहेब हसले. त्यांनी हातोड्याचा एक घाव घातला. आत निळसर काळा दगड. "वरच्या रंगावर जाऊ नको, तोडून बघ. डोळ्याला दाणा दिसत नाही, हाताला वजन लागतं, हातोडा मारला की खणकन वाजतो, तो बेसाल्ट." जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून त्यांनी पुढचं सांगितलं होतं, लाव्हा कसा वाहत आला ते. जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रात हाच दगड आहे म्हणाले होते. त्या दिवसापासून रघुवीर त्यांना सोडून कुणाला गुरू मानत नव्हता.

आता त्यांच्या बैठकीत लाकडी खुर्चीच्या कडेवर बसून त्याने सगळं सांगितलं. शिमगा, पेटी, पाच तुकडे. रूपर्टसाहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो बनियनला पुसत राहिले.

"साडेसहाच्या तुकड्यात पांढरे ठिपके होते," ते म्हणाले. "मोठे, वाटाण्याएवढे. वरच्या दगडात एकही नव्हता. दोन नंबरच्या पेटीत मात्र अगदी तसेच. मला दिसलं होतं, रघुवीर."

"मग?"

"माझा शेवटचा आठवडा होता. विचारलं असतं तर सगळं पुन्हा आलं असतं, साइट, भांडणं. मला वाटलं, रघुवीरने भरलीये ना पेटी." त्यांनी चष्मा घातला. "सही केली."

आणि मग ते उठून रेनकोट शोधू लागले.

दोघं टॅक्सीने आले. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस चिखलातून पायऱ्यांपर्यंत गेला. कातळाखालून झिरपणाऱ्या पाण्याजवळ त्याने हात घातला आणि विटेच्या खापरीसारखा एक लाल तुकडा खेचून काढला. वर घरात येऊन कौसल्याकडे स्टीलचा पेला मागितला. पेल्यात पाणी घालून तुकडा आत सोडला.

"बघा," ते म्हणाले.

तुकडा आधी तसाच बसला होता. मग त्याच्या कडेने बुडबुडे सुटले. एक पापुद्रा गळला, मग दुसरा. कौसल्या वाकून बघत राहिली. चहाला आधण यायच्या आत पेल्याच्या तळाशी नुसता रेंदा उरला.

"हे आमच्या खाली आहे?" तिने विचारलं.

"हो."

"केवढं?"

"दीड मीटर जाडीचं."

कौसल्याने नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हांला माहीत होतं?"

रघुवीर खाली बघत होता. "मार्चपासनं."

तिने पेला उचलला, मोरीत ओतला, राखेने घासला, पुन्हा घासला. मग शेगडीची नळी काढून सिलिंडर दाराकडे ओढायला लागली. रघुवीर हात लावायला गेला, तर म्हणाली, "तुम्ही नका. तुम्ही जाऊन लोकांना सांगा."

रूपर्टसाहेबांनी जुन्या कंपनीत फोन केला. उद्या दुपारी इंजिनीअर येईल, असं तिकडून सांगितलं. मग प्रफुल्लला फोन केला. "खड्ड्यातली माणसं आत्ताच्या आत्ता बाहेर काढ." पलीकडून प्रफुल्ल हो हो म्हणाला. रूपर्टसाहेबांनी आपल्या हाताने सगळं लिहून काढलं, खाली सही केली, फोटो काढून कंपनीला पाठवला. "उद्याची वाट बघू नका," जाताना ते म्हणाले.

*

पाचच्या सुमारास रघुवीरने आळीतल्या माणसांना जगदीशच्या पत्र्याखाली जमवलं. जगदीश त्याचा लहानपणापासूनचा शेजारी, टॅक्सी चालवायचा.

"घरं खाली करायला पाहिजेत. आजच. खालच्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊ. कातळ सुटतोय."

"कातळ?" जगदीश हसला. "अरे, तुझ्या बापाच्या तीन पहारी वाकल्या ना?"

"वरचा दगड चांगलाच आहे. खालचा नाही."

"तुला कोण बोललं?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं. "बिल्डरने पाठवलं काय? आम्ही निघालो की पत्रे ठोकायला मोकळा."

"शाळेत जायचं म्हणजे उद्या परत येऊ देतील काय?"

लाल पाण्याचं, चिरेचं, पेल्यातल्या तुकड्याचं त्याने सगळं सांगून बघितलं. माणसं ऐकत होती आणि आपापल्या घराकडे वळून बघत होती. दोघंजणं उठूनही चालली. मग रघुवीर म्हणाला, "मी पेटी खोटी भरली."

सगळे थांबले.

"खाली दीड मीटर चिखल आहे हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. रिपोर्टात काळा दगड आहे, कारण मी दुसरीकडचा दगड आणून घातला. त्या रिपोर्टावर त्यांनी पायथा कापला. शिमग्याची गाडी चुकू नये म्हणून मी केलं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. जगदीश पुढे आला आणि त्याने रघुवीरच्या कानफटात मारली. रघुवीर तोल जाऊन चुलीच्या लाकडांवर पडला. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. कुणी उचलायला आलं नाही. कौसल्या बायकांत उभी होती, तीही आली नाही.

पण माणसं हलली. दगड ओळखणाऱ्या रघुवीरवर ज्यांचा विश्वास बसला नाही, त्यांचा खोटं करणाऱ्यावर लगेच बसला. अंधार पडायच्या आत आठ घरं खालच्या शाळेच्या हॉलमध्ये गेली. उरलेली तीन सकाळी निघाली.

*

शेवटी राहिली जगदीशची आई, लक्ष्मीआजी. गुरुवारी सकाळी जगदीश कपाट टॅक्सीच्या टपावर बांधून गेला तेव्हा ती मागनं येते म्हणाली, आणि त्याची पाठ वळताच आत जाऊन चौकट धरून बसली. रघुवीर तिसऱ्यांदा आळी बघायला वर चढला होता. लादीतल्या चिरेत आता त्याची मूठ जात होती.

"आजी, चला."

"मी खंय येवचंय नाय. ह्या माझा घर आसा."

"आजी, पाया पडतो तुमच्या."

"पाया पडतंस? मेल्या, तूच केलंस ना ह्या सगळा?"

त्याने तिची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली आणि तिला पाठंगुळीला घेतलं. म्हातारी हलकी होती, पण सारी ताकद मुठीत होती. ती त्याच्या टाळक्यावर, कानावर, जगदीशने मारलं त्याच गालावर बुक्क्या मारत राहिली. "सोड माका! सोड, मेल्या!" पायऱ्या चौसष्ट, सगळ्या शेवाळलेल्या. प्रत्येक पायरीवर डावा गुडघा आतल्या आत करकरत होता. तो भिंतीला खांदा घासत उतरत होता.

अर्ध्या वाटेवर वळण होतं. तिथून खड्डा दिसायचा. पंप चालू होता. पंपाजवळ पिवळा रेनकोट वाकून जाळी साफ करत होता.

रघुवीर थांबला. काल फोन तर झाला होता. प्रफुल्ल हो म्हणाला होता. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, पण म्हातारीने त्याच क्षणी गळ्याला मिठी मारून मागे अंग टाकलं, आणि दोघं पडता पडता वाचली. पंपाच्या आवाजात हाक गेलीही नसती. आधी हिला खाली ठेवू, मग फाटकाकडून धावत जाऊ, असं त्याने ठरवलं आणि तो पुढची पायरी उतरला.

खाली हातगाडीवर त्याने लक्ष्मीआजीला बसवलं. ती धापा टाकत होती, तोही. तो फाटकाकडे वळला. दहा पावलं गेला असेल.

आवाज मोठा नव्हता. मांजरपाटाचं कापड टरकावं तसा आला. त्याने वर बघितलं. कातळ सबंधच्या सबंध सरकत होता, आणि त्याच्यावर अकरा घरं तशीच उभी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसकट. क्षणभर वाटलं, तो आता थांबेल. मग पुढची कड खड्ड्यावर आली आणि कातळ मधोमध मोडला. जमीन पायांखाली हादरली. लाल चिखलाचे शिंतोडे उंच उडाले.

पंपाचा आवाज बंद झाला होता.

"खाली माणूस आहे!" रघुवीर ओरडत सुटला. "खाली माणूस आहे!"

फायर ब्रिगेड येईपर्यंत तो हातांनी उकरत होता. जगदीश आला, आळीतले सगळे आले, सगळ्यांनी उकरलं. काळ्या दगडाच्या धोंडी एवढ्या मोठ्या होत्या की चौघांना हलत नव्हत्या. ताज्या तुटलेल्या, निळसर, एकही भेग नसलेल्या. रघुवीरची नखं गेली. कुणीतरी त्याला मागे ओढलं, तो पुन्हा गेला.

विनीत शुक्रवारी संध्याकाळी सापडला. घोडपदेवहून त्याची बायको आली होती, सोबत तिचा भाऊ. ती रडत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत होती, "वरच्या लोकांना कळलं होतं ना आधी? मग त्याला कुणी सांगितलं नाही?" रघुवीर तिच्यापासून तीन हातांवर उभा होता. पुढे जाऊन तिला सांगायला त्याचे पाय उचलले नाहीत.

*

शाळेच्या हॉलमध्ये लोक जेवायला बसत तेव्हा रघुवीरच्या शेजारची जागा मोकळी राहायची. कौसल्या पंगतीत वाढायची, त्याच्याही ताटात वाढायची. बोलायची नाही.

शनिवारी सकाळी त्याने शर्ट घातला. दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली, म्हणून बटणं लागेनात. कौसल्या लांबून बघत होती. मग ती आली आणि तिने खालून वर एकेक बटण लावलं.

"कुठं निघालात?"

"पोलीस स्टेशनला. रूपर्टसाहेब दारात उभे आहेत."

तिने कोपऱ्यातली छत्री उचलली आणि त्याच्या पुढे चालू लागली.

पोलीस स्टेशनात एक तरुण हवालदार लिहायला बसला. दोन दिवस तो त्याच कामावर होता, डोळे लाल झालेले. प्रफुल्लला त्यांनी आदल्या दिवशीच आणलं होतं, आणि फाइलही. रूपर्टसाहेब खुर्चीवर बसले. कौसल्या मागे भिंतीच्या बाकावर. हवालदाराने नाव, वय, पत्ता विचारला. पत्त्याला रघुवीर अडखळला. हवालदाराने न विचारताच शाळेचा पत्ता लिहिला.

"बरं. त्या पेटीत तुम्ही काय भरलंत?"

"काळा दगड."

"आणि खड्ड्यात काय पडलंय?"

"काळा दगड."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मग? सगळीकडे काळाच दगड आहे. त्यात खोटं काय झालं? मला कळेल असं सांगा, काका. मला हे कोर्टात सांगायचंय."

रघुवीरने रूपर्टसाहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तूच सांग.

"साहेब," रघुवीर म्हणाला, "पहिल्यापासून सांगावं लागेल."

"सांगा."

"आधी एक लाव्हा आला. तो निवला, त्याचा काळा दगड झाला. मग किती हजार वर्षं कोण जाणे, काहीच आलं नाही. त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला. दगड कुजून माती झाली, त्या मातीवर झाडं उगवली असतील. मग दुसरा लाव्हा आला. ती माती खाली दबली, भाजून लाल झाली. तिच्यावर पुन्हा काळा दगड. आमची घरं होती तो हा वरचा दगड." तो थांबला. "मी मधली माती पेटीतनं काढून टाकली."

मागे बाक कुरकुरला. कौसल्या उठून टेबलाजवळ आली होती. सव्वीस वर्षांत तिने कधी विचारलं नव्हतं आणि त्याने कधी सांगितलं नव्हतं, तो दिवसभर जमिनीतून काय काढतो ते. ती त्याच्या खांद्याशी उभी राहिली.

"हां," हवालदार म्हणाला आणि पेन उचललं. "आता हळू सांगा. मी लिहितो."